स्वस्त तयार कपडे आणि ग्राहकांची मते : शिक्रापूरच्या बाजारपेठेच्या निमित्ताने

पुण्याहून अहिल्यानगरकडे (म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरकडे) जाणाऱ्या महामार्गास चाकणहून येणारा रस्ता जेथे मिळतो, तेथे वेळ नदीच्या काठी शिक्रापूर हे गाव आहे. शिरूर तालुक्यातील हा भाग मूळचा पर्जन्यछायेतला. ज्वारी-बाजरीचा आणि पुढे पाणी पोहोचले तेथे कांद्याचा व उसाचा. १९९० नंतरच्या दशकात रांजणगाव येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, सणसवाडीच्या परिसरात कारखाने वाढले आणि या रस्त्यावर दोन निरनिराळ्या जगांतील माणसे एकाच दुकानाच्या दारात येऊ लागली. एक, आजूबाजूच्या गावांतील शेतकरी कुटुंब. दुसरे, मराठवाड्यातून, विदर्भातून वा परप्रांतातून येऊन एका खोलीत तिघे-चौघे राहणारे कंत्राटी कामगार. दोघांसही कपडे घ्यावयाचे असतात आणि दोघांसही ते स्वस्त हवे असतात. परंतु ‘स्वस्त’ या शब्दाने दोघांना एकच गोष्ट अभिप्रेत असते असे मात्र नाही. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या फरकाचा.

स्वस्त तयार कपड्यांविषयीची मते सर्वांच्या परिचयाची आहेत. तीनशे रुपयांत इतका चांगला सदरा पूर्वी कोठे मिळत होता, असे एकजण म्हणतो. चार धुण्यांत त्याचे पोतेरे झाले, असे दुसरा म्हणतो. पुष्कळदा ही दोन्ही मते एकाच व्यक्तीची असतात, आणि तीच व्यक्ती पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दुकानात दिसते. या विसंगतीचा उलगडा ग्राहकाच्या अज्ञानाने करण्याची एक सोपी रीत आहे. जाहिरातीने भुललेला, टिकाऊपणाची पारख नसलेला ग्राहक अशी त्याची प्रतिमा रंगविली जाते. आमच्या मते ही प्रतिमा चुकीची आहे. कपड्याच्या स्वस्ताईविषयीचे मत हे बहुतांशी कापडाविषयीचे नसून, मत देणाऱ्याच्या हाती पैसा किती अवधीने आणि किती खात्रीने येतो याविषयीचे असते.

प्रथम ‘स्वस्त’ म्हणजे किती, याचा निर्णय करावयास हवा. शासनाने तो करविषयक कायद्यात केलेला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा १,००० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के व त्यावरील कपड्यावर १२ टक्के कर होता. १ जानेवारी २०२२ पासून सरसकट १२ टक्के आकारण्याचे ठरले होते. तो निर्णय आदल्याच दिवशी, ३१ डिसेंबर २०२१ रोजी, लांबणीवर टाकण्यात आला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून ही सीमारेषा २,५०० रुपयांवर नेण्यात आली. तिच्या खाली ५ टक्के, वर १८ टक्के. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आज २,४०० रुपयांचा सदराही सवलतीस पात्र आहे. शिक्रापूरच्या बाजारात हे कोणास पटणार नाही. तेथील स्वस्ताईची रेषा पाचशे रुपयांच्या आसपास, आणि लहान मुलांच्या कपड्यांत त्याहूनही बरीच खाली असते. टाटा समूहातील ट्रेंट या कंपनीने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘झुडिओ’ या दुकानमालिकेने आपला बहुतेक सर्व माल हजार रुपयांच्या आत ठेवला आणि झपाट्याने विस्तार केला. ग्राहकाच्या मनातील रेषा दुकानदारास कायदेकर्त्यापेक्षा अधिक अचूक कळते, असेच यावरून म्हणावे लागते.

आता थोडे मागे जाऊ. याच शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या गावाची पाहणी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी ना. वि. कानिटकर यांच्या साहाय्याने केली आणि ती १९२१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दख्खनच्या खेड्याच्या अर्थव्यवहाराचा इतका बारकाईने घेतलेला शोध त्या काळी दुर्मिळ होता. कुटुंबाचे उत्पन्न एका बाजूस आणि त्याची अन्नवस्त्राची गरज दुसऱ्या बाजूस ठेवून मॅन यांनी मेळ घालून पाहिला, तेव्हा बहुसंख्य कुटुंबे तुटीत असल्याचे आढळून आले. हा मेळ वर्षाचा होता, हे येथे लक्षात घ्यावयाचे. पीक वर्षाचे, कर्जाची फेड सुगीवर, म्हणून कापडाची खरेदीही वर्षाची. धोतरजोडी, लुगडे, बंडी, घोंगडी यांचा हिशेब ‘वर्ष निघते का’ या एकाच प्रश्नावर केला जाई. सालगडी ठेवताना जो ठराव होई त्यात धान्य व रोकड यांबरोबर कपडे, घोंगडी व पायतण यांचाही समावेश असे. कापड हा मजुरीचाच भाग होता आणि ते साल संपण्याआधी विरले तर गड्याचे नुकसान होई. अशा व्यवस्थेत जाडेभरडे, मांजरपाटी, अंगाला टोचणारे पण टिकणारे कापड हेच स्वस्त कापड होय. गावच्या पेठेतील कापडदुकानदार उधारी सुगीपर्यंत थांबवी. थांबण्याची किंमत तो भावात धरी, हेही ग्राहकास ठाऊक असे. दुकानदाराच्या गादीसमोर बसून ठाण उलगडून घ्यावयाचे, सूत चिमटीत धरून पाहावयाचे, घासाघीस करावयाची आणि शेवटी त्याने वहीत आकडा टाकावयाचा, अशी ती खरेदी असे.

या व्यवहारात शासनही उतरले होते. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाल्यावर १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आले आणि ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्द मराठीत रूढ झाला. पुढे १९६४ मध्ये धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग व ड्रिल असे पाच प्रकारचे जाडे व मध्यम कापड ठरावीक प्रमाणात, ठरावीक भावाने काढण्याचे बंधन गिरण्यांवर घालण्यात आले. १९७८ च्या वस्त्रधोरणाने खाजगी गिरण्यांवरील ही सक्ती उठली. गरिबाचे कापड म्हणजे कोणते, याची ही पाच नावांची यादी मोठी बोलकी आहे. तीत रंगाचा, नक्षीचा वा हौसेचा कोठेही मागमूस नाही. गरिबाला अंग झाकावयाचे असते एवढेच त्या यादीने गृहीत धरले होते.

त्यानंतर कापडच बदलले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपाचा औपचारिक शेवट असा कधी झालाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे आणि सुरतेकडे सरकले. सुती धाग्यात पॉलिएस्टर मिसळले, पुढे पुष्कळ ठिकाणी सूतच गेले. तयार कपड्यांचा उद्योग लघुउद्योगांसाठी राखीव होता, ते आरक्षण २००० च्या वस्त्रधोरणानंतर टप्प्याटप्प्याने उठविण्यात आले. मोठ्या भांडवलाच्या कारखान्यांना व दुकानमालिकांना वाट मोकळी झाली ती त्यानंतर. स्वस्त तयार कपड्यांची आजची लाट या सर्व घटनांच्या पाठीवरून आलेली आहे. केवळ लोकांची आवड बदलली म्हणून आलेली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. समजा, एक सदरा ३०० रुपयांस मिळतो आणि तो तीस वेळा घालून होतो. दुसरा ९०० रुपयांस मिळतो आणि एकशे वीस वेळा घालता येतो. प्रत्येक वापरामागे पहिल्याचा खर्च दहा रुपये, दुसऱ्याचा साडेसात. गणित दुसऱ्याच्या बाजूचे आहे, आणि टिकाऊपणाचा उपदेश करणारे येथेच थांबतात. परंतु वापरामागे अडीच रुपये वाचविण्यासाठी आज ६०० रुपये अधिक मोजावे लागतात, आणि हे सहाशे रुपये कंत्राटी कामगाराकडे पगाराच्या तारखेस असले तरी त्यांवर खोलीभाडे, खानावळ आणि गावाकडे पाठवावयाची रक्कम यांचा आधीच हक्क असतो. शिवाय पुढच्या तिमाहीत काम असेल की नाही, ही खात्री त्यास नसते. वर्षाचा ठराव असलेल्या सालगड्याने वर्ष टिकणारे कापड मागितले. महिन्याच्या हिशेबावर जगणारा कामगार महिन्याच्या आवाक्यातले कापड मागतो. दोघेही आपापल्या परीने काटेकोर आहेत. मासिक उत्पन्न निश्चित असलेल्या नोकरदाराने या कामगारास उधळ्या म्हणणे हा केवळ हिशेबाच्या मुदतीचा गोंधळ आहे.

दुसरी एक गोष्ट या गणितात येत नाही, ती म्हणजे अपघात. टिकाऊ कपड्याची किंमत तो पुरता झिजेपर्यंत वापरला तरच वसूल होते. कारखान्यात यंत्राच्या तेलाचा डाग पडला, बांधावरच्या बाभळीच्या काट्याने बाही फाटली, उसाच्या पात्याने कापड कातरले, तर तीनशेचा आणि नऊशेचा सदरा सारखाच निकामी होतो. ज्याच्या कामात असा धोका अधिक, त्याने टिकाऊपणासाठी अधिक पैसे देण्यात अर्थ कमी. लहान मुलाच्या बाबतीत तर अपघाताचीही गरज नाही, मूल वाढते. आपल्याकडे ‘वाढत्या अंगाचे’ कपडे घेण्याची जी रीत होती, म्हणजे यंदा बाह्या दुमडून घालावयाचे आणि पुढल्या वर्षी सोडून, ती महाग कापड दोन वर्षे पुरविण्यासाठीच होती. कापड स्वस्त झाल्यावर आई मुलास मापाचे कपडे घेऊ लागली. मुलांच्या दृष्टीने हा लहानसा लाभ नव्हे. ढगळ सदऱ्यात ज्याचे बालपण गेले आहे त्यास तो निराळा सांगावयास नको.

याच्या उलट बाजूचे उदाहरण शालेय गणवेशाचे. गणवेश रोज अंगावर, बहुधा दोनच, म्हणून एक अंगावर आणि एक दोरीवर. अपघाताने नव्हे तर नुसत्या धुण्याने झिजणारा हा कपडा. येथे हलके कापड खरोखर महाग पडते. शासकीय शाळांतील मुलांना दोन गणवेशांसाठी ६०० रुपये, म्हणजे एकास तीनशे, अशी तरतूद करण्यात आली होती. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात महाराष्ट्र शासनाने हे गणवेश मध्यवर्ती पद्धतीने पुरविण्याचा प्रयोग केला. गणवेश उशिरा मिळाल्याच्या, मापात न बसल्याच्या आणि कापड निकृष्ट असल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्याचा निर्णय झाला. एरवी तीनशेच्या सदऱ्यावर समाधान मानणारे पालक तीनशेच्या गणवेशावर रागावतात. यात विसंगती नाही. प्रश्न निराळे आहेत.

तक्रारींचा तांत्रिक भागही पाहणे उचित होईल, कारण ग्राहक जे अनुभवाने सांगतो त्यास वस्त्रशास्त्रात आधार आहे. अंगावर बारीक गोळे येतात ही पहिली तक्रार. आखूड तंतू घर्षणाने धाग्याबाहेर येतात आणि एकमेकांत गुंततात. कापूस असेल तर तो गोळा लवकरच तुटून पडतो; पॉलिएस्टरचा तंतू चिवट असल्याने गोळा धरून राहतो. म्हणजे मिश्र कापडाचा जो गुण, मजबुती, तोच येथे अवगुण ठरतो. दुसरी तक्रार, विणीचा बनियनवजा सदरा धुतल्यावर तिरका होतो, बाजूची शिवण पोटावर येते. याचे कारण एकपदरी सुतातील पीळ. विणताना तो दाबलेला असतो, पाणी लागताच तो सुटू पाहतो आणि कापडास वळवितो. प्रक्रियेवर खर्च केला तर हे पुष्कळ टळते, आणि स्वस्त मालात वाचविलेला खर्च तोच असतो. कपडा आटतो त्याचे कारणही याच जातीचे. कारखान्यात ताणून ठेवलेले कापड घरच्या बादलीत सैल होते. दुकानातल्या दुकानात करता येण्याजोगी पारख थोडी आहे, पण आहे. कापड उजेडात धरून वीण विरळ आहे का पाहावे. कपडा उलटा करून टिपा किती जवळ आहेत ते पाहावे. शिवणीच्या दोन्ही बाजूंस धरून हलकेच ताणावे. जुन्या पिढीतील बायका ठाणावर जे करीत तेच तयार कपड्यावर करावयाचे. फरक इतकाच की आता समोर बसून सांगणारा दुकानदार नाही.

आणि तो नाही, याचा आनंद पुष्कळांस आहे. ही बाब आम्हांस भावाहूनही महत्त्वाची वाटते. गादीवरचा दुकानदार ग्राहकाकडे पाहून कोणते ठाण काढावयाचे ते ठरवी. माणसाचा वेष, बोली आणि आडनाव यांवरून त्याची ऐपत जोखली जाई, आणि पाच साड्या उलगडावयास लावून काही न घेता उठणे हे बाईमाणसास अवघड जाई. नव्या दुकानात किंमत चिठ्ठीवर लिहिलेली असते, ती सर्वांस एकच असते, वस्तू हाताळून परत ठेवली तर कोणी भुवई उंचावीत नाही. आरशासमोर कपडा अंगावर घालून पाहण्याची सोय ज्या मुलीच्या आईस कधी मिळाली नाही, ती मुलगी आज तो निःसंकोचपणे घालून पाहते.

वेषाचा आणि प्रतिष्ठेचा हा संबंध महाराष्ट्रात नवा नाही. शिक्रापुराहून पुण्याकडे निघाले की कोरेगाव भीमा लागते. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेथील जयस्तंभास भेट दिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाड येथील परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांपुढे भाषण करून लुगडे नेसण्याची आणि दागिने घालण्याची जी रीत अस्पृश्यतेची खूण बनली होती ती टाकून देण्यास सांगितले, आणि स्वच्छतेवर भर दिला. वस्त्र पाहून जात ओळखू येत होती, तो हा काळ. आज रांजणगावच्या कारखान्यातून सुटलेल्या पाळीतील तरुणांकडे पाहून कोणाचे शेत किती आणि कोणाची आळी कोणती हे सांगता येणार नाही. हे परिवर्तन अनेक कारणांनी झाले. पण त्यात स्वस्त तयार कपड्याचा वाटा आहे, आणि ‘निदान चारचौघांत बसता येते’ या साध्या वाक्यात ग्राहक तो मान्य करतो. गोळे येतात हे ठाऊक असूनही तो कपडा का घेतला जातो, याचे एक उत्तर येथे आहे.

स्वस्त कापडाचा एक प्रकार असाही आहे की ज्याविषयी टिकाऊपणाची तक्रार कोणीच करीत नाही. ‘देण्याघेण्याच्या साड्या’ या नावानेच तो दुकानात मागितला जातो. लग्नात मानपानासाठी घेतलेली ही साडी नेसण्यासाठी नसतेच. ती एका आहेरातून दुसऱ्या आहेरात, घडी न मोडता, वर्षानुवर्षे प्रवास करीत राहते. कधी कधी ती मूळ मालकिणीकडेच परत येते. येथे साडी हे वस्त्र नसून चलन आहे, आणि चलनाचा पोत कोणी पाहत नाही. शेतकरी कुटुंबाच्या कापडखर्चाचा अंदाज घेणाऱ्याने हा भाग निराळा काढावा, नाहीतर त्याचे सर्व निष्कर्ष चुकतील.

एका प्रश्नावर मात्र ग्राहकांची मते फारशी ऐकू येत नाहीत. हा कपडा इतका स्वस्त कोणामुळे झाला? २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्यांतील बहुतेक निरनिराळ्या देशांच्या दुकानांसाठी कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले असताही त्यांना कामावर बोलाविण्यात आले होते. भावातील शेवटचे दहा-वीस रुपये कोठून कमी होतात, हे या दुर्घटनेने जगास दिसले. आपल्या देशातही शिलाईकाम नगावर, म्हणजे उक्त्या दराने, करवून घेण्याची रीत सर्रास आहे. शिक्रापूरच्या दुकानातील कंत्राटी कामगारास ही बाब समजावून सांगावी लागत नाही. त्याचे स्वतःचे श्रम याच रीतीने मोजले जातात. पण हातात कपडा असताना तो हा विचार बोलून दाखवीत नाही, आणि त्याने तो बोलून दाखवावा अशी अपेक्षा त्याच्याहून अधिक मिळविणाऱ्यांनी करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

शेवटी कपड्याच्या उत्तरायुष्याविषयी. पूर्वी कापडाचा हिशेब ते अंगावरून उतरल्यावरही चालू राहत असे. लुगडे विरले की त्याची गोधडी होई. मऊ झालेले सूत सुईस सहज धाग्याखाली येई आणि थर एकमेकांस धरून राहत. सिंथेटिक साडीचीही गोधडी शिवली जाते, ती हलकी असते, लवकर वाळते. पण थर सरकतात आणि ऊब तशी येत नाही, असे शिवणाऱ्या बायका सांगतात. नवऱ्याचा जुना सदरा उन्हापासून आणि पात्यापासून संरक्षण म्हणून साडीवर चढवून शेतावर जाणाऱ्या बायका आजही सर्वत्र दिसतात. त्या सुती सदराच शोधतात. बोहारीण दारात आली की जुन्या कपड्याचा खरा भाव समजे. जरीचा काठ पाहून ती पातेले काढी, साध्या सुती कपड्यांवर एखादी वाटी. आजचे तयार कपडे तिच्यापुढे टाकले तर ढीग मोठा आणि भांडे लहान, कित्येकदा प्लॅस्टिकचे.

बाजारपेठेतील शिंप्याकडेही हेच दिसते. नवे शिवण्याचे काम त्याच्याकडे ब्लाऊजापुरते उरले आहे. बाकी सारा वेळ तयार कपडे आखूड करणे, कमरेत घेणे, चेन बदलणे यांत जातो. कपडा घट्ट करावयाचा असेल तर तो दहा मिनिटांत करून देतो. सैल करावयाचा असेल तर तो आधी आतली शिवण उलटून पाहतो. जुन्या शिलाईत तेथे दोन्ही बाजूंस बोटभर कापड राखलेले असे आणि अंग भरले की ते सोडता येई. शिंपी त्यास ‘माया’ म्हणतात. स्वस्त तयार कपड्यात यंत्र शिवतानाच कडा कापून टाकते, तेव्हा शिंपी कपडा तसाच घडी करून परत देतो आणि आत माया नाही एवढेच सांगतो.